चौक आहे तसाच राहू द्या म्हणणारी आर्किटेक्ट

प्रश्न: ताई, माझी मुलगी आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला आहे, ती सांगत होती की फ्रान्सच्या अ‍ॅन लाकातों यांनी एका चौकाच्या कामात काहीच बांधलं नाही, तरी त्यांना प्रित्झकर हे आर्किटेक्चरमधलं मोठ्या मानाचं बक्षीस मिळालं. खरंय का हे? मग केलं काय त्यांनी?

उत्तर: चौकाचं अगदी खरंय. १९९६ ची गोष्ट, बोर्दो शहरातला छोटासा त्रिकोणी चौक. तो सुशोभित करून हवा होता. लाकातों आणि त्यांचे जोडीदार ज्याँ-फिलिप वासाल यांनी जागा नीट बघितली, आजूबाजूच्या लोकांशी बोलले, तर झाडं आहेत, बाकं आहेत, लोखंडी गोळ्यांचा खेळ खेळायला जागा आहे, लोक खूश आहेत. मग त्यांनी सांगितलं की खडी बदला, झाडांची निगा राखा, साफसफाई जास्त वेळा करा, बास! असं सांगायला हिंमत लागते हो.

पण बक्षीस काही तेवढ्यासाठी नाही मिळालं. दोघं बोर्दोलाच शिकताना भेटले, मग वासाल आफ्रिकेतल्या नायजर देशात कामाला गेले, लाकातों तिथे येऊन-जाऊन असायच्या. तिथे हाताशी असेल त्यात भागवणारी माणसं बघितली आणि तीच खरी शिकवणी झाली असं मला वाटतं. तिथल्या राजधानीत, नियामेत, दोघांनी गवताची झोपडी बांधली, ती दोन वर्षांच्या आत वाऱ्याने गेलीसुद्धा. १९८७ ला ऑफिस काढलं. १९९३ मध्ये एका कुटुंबाला कमी पैशात मोठं घर दिलं, कसं, तर मागची बाजू शेतातल्या ग्रीनहाऊससारखी पारदर्शक पत्र्यांची करून.

हीच युक्ती पुढे बोर्दोच्या ग्रँड पार्क वसाहतीत कामी आली, ५३० फ्लॅट, १९६० च्या दशकातल्या इमारती. आपल्याकडे असं काम निघालं की आधी सामान बांधून भाड्याच्या घरात जायचं, तिथे लोक आपापल्या घरातच राहिले, आणि बाहेरून तयार भाग आणून प्रत्येक घराला जवळजवळ पावणेचार मीटर खोल बंदिस्त गॅलरी जोडली. छोट्या खिडकीच्या जागी सरकते काचेचे दरवाजे, बैठकीच्या खोलीतून सरळ गॅलरीत, तिथे कुंड्या ठेवा, जेवायला टेबल टाका. आणि भाडं वाढलं नाही! या कामात फ्रेदेरिक द्रुओ आणि क्रिस्तोफ ह्युतँ हेही सोबत होते, २०१९ चं युरोपचं मीस व्हॅन डर रोहे अवॉर्ड याच कामाला.

प्रित्झकर २०२१ चं, दोघांना मिळून. ते मिळवणाऱ्या लाकातों पहिल्या फ्रेंच बाई. लेकीला ग्रँड पार्कचे आधीचे आणि नंतरचे फोटो शेजारी-शेजारी ठेवून बघायला सांगा, आतले, बाहेरचे नव्हे.