‘आवडत्या मानकांना पुन्हा भेट’: जॅझमधल्या ‘स्टँडर्ड’ला काय म्हणावं?

प्रश्न असा आला आहे: एका ध्वनिमुद्रिकेच्या माहितीपत्रकाच्या मराठी मसुद्यात ‘हा पारंपरिक जॅझ बँड जुन्या साथीदारासोबत आवडत्या मानकांना पुन्हा भेट देत आहे’ असं वाक्य आहे. (साथीदार म्हणजे इथे पाहुणा क्लॅरिनेटवादक.) ‘मानक’ खटकतं, पण मग ‘स्टँडर्ड’ला दुसरा शब्द कोणता?

खटकायलाच हवं. मानक म्हणजे मोजमापाचा दंडक. तो हेल्मेटला असतो, प्रेशर कुकरला असतो. नुसतं ‘स्टँडर्ड’ लिहिलं तरी अडचण आहेच. मराठीत तो शब्द आधीच दोन कामांवर आहे: ‘मुलगी सातवी स्टँडर्डला आहे’ आणि ‘हॉटेलचं स्टँडर्ड घसरलं’. त्यामुळे ‘बँड स्टँडर्ड वाजवतो’ वाचणाऱ्याला बँड दर्जेदार वाजवतो असं वाटेल.

जॅझमध्ये स्टँडर्ड म्हणजे त्या क्षेत्रातल्या प्रत्येक वादकाला येतच असेल असं गृहीत धरलेलं गाणं किंवा धून. नाव, पट्टी आणि लय सांगितली की अनोळखी वादकही एकत्र वाजवायला लागतात. कसोटी श्रोत्यांच्या पसंतीची नाही, वादकांच्या पाठांतराची आहे. म्हणून ‘सदाबहार’ बसत नाही. तो रेडिओच्या निवेदकाचा शब्द. ‘अभिजात’ फार गंभीर. ‘वहिवाटीतली गाणी’ अर्थाने चपखल आहे आणि मला मोह होतो, पण वाचकाला सातबारा आठवेल.

‘बंदिश’ किंवा ‘चीज’ सुचवणारे बरेच भेटतात. दोन्हीकडे छोटी रचना आणि तिच्यावर उत्स्फूर्त विस्तार असतो, एवढं साम्य खरं. पण बंदिश रागात बांधलेली असते आणि तिचा मुखडा पुन्हा पुन्हा समेवर येतो. स्टँडर्डमध्ये सहसा मूळ धून सुरुवातीला आणि शेवटी वाजते. मधल्या काळात फिरत राहतो तो कॉर्डचा, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या गटांचा, ठरलेला क्रम. त्या क्रमाच्या एका फेरीला कोरस म्हणतात. त्याचं भाषांतर ‘समूहगान’ असं करू नका, ‘आवर्तन’ लिहा. हिशेबही सोपा आहे. चार मात्रांचा एक बार धरला तर बारा बारांच्या ब्लूजचं आवर्तन ४८ मात्रांचं, म्हणजे १६ मात्रांच्या तीनतालाची तीन आवर्तनं, ‘व्हेन द सेंट्स गो मार्चिंग इन’चं १६ बारांचं, म्हणजे चार, आणि न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवरच्या संगीत नाटकांतून आलेल्या ३२ बारांच्या गाण्याचं आठ. तीनतालाची सवय असलेला कान दर १६ मात्रांनी सम शोधतो, पण इथलं आवर्तन अशा तीन, चार किंवा आठ फेऱ्यांनंतरच पुरं होतं. ‘टायगर रॅग’सारख्या (पहिलं ध्वनिमुद्रण १९१७) धुनेला मात्र हा हिशेब थेट लागू पडत नाही, रॅगटाइम या जॅझच्या आधीच्या शैलीच्या रिवाजाप्रमाणे तिचे वेगवेगळे भाग एकामागून एक येतात.

आता ‘पारंपरिक’. आपल्याकडे ‘चीज पारंपरिक’ म्हणजे रचनाकार अज्ञात. तबकड्यांवरही ‘ट्रॅड’ हा ‘ट्रॅडिशनल’चा संक्षेप त्याच अर्थाने छापतात, आणि ‘सेंट्स’ला तो लागू आहे. पण ‘बेसिन स्ट्रीट ब्लूज’ हे स्टँडर्ड स्पेन्सर विल्यम्सचं आहे, १९२८चं, अज्ञाताचं नव्हे. बँडच्या नावाआधी येणारं ‘ट्रॅडिशनल’ हे शैलीचं नाव: ट्रम्पेट किंवा तिच्यासारखंच कॉर्नेट धून धरणार, क्लॅरिनेट तिच्यावरून वेलबुट्टी काढत जाणार, ट्रॉम्बोन खालून आधार देणार, आणि हे सगळं एकाच वेळी. ब्रिटनमध्ये ख्रिस बार्बर, केनी बॉल, ॲकर बिल्क या बँडप्रमुखांच्या काळात या शैलीला ‘ट्रॅड’ असंच म्हणू लागले. मराठीत, जॅझ जिथे जन्मलं त्या अमेरिकन शहराच्या नावाने, ‘न्यू ऑर्लीन्स शैलीचा बँड’ लिहिलं की गोंधळ मिटतो.

‘साथीदार’ ही सगळ्यात मोठी चूक. बोलण्यात तो सोबती असेल, पण संगीताच्या मजकुरात साथीदार म्हणजे तबल्याला किंवा पेटीला बसलेला. इथला पाहुणा क्लॅरिनेटवर पुढच्या रांगेत उभा आहे. त्याला एका शब्दात मागे बसवलंत. ‘जुना स्नेही’ लिहा. ‘जुगलबंदी’ही नको, पाच-सहाजण एकमेकांत गुंफून वाजवत असताना जोडी कुठली? ‘पुन्हा भेट’ माणसाला किंवा गावाला देतात. ‘उजळणी’ परीक्षेची, ‘उजाळा’ आठवणींना. इथे साधं ‘नव्याने वाजवणं’ पुरतं.

माझी शिफारस: पहिल्या उल्लेखात अर्थ फोडून सांगा, पुढे ‘स्टँडर्ड’ बेधडक वापरा, नपुंसकलिंगी: एक स्टँडर्ड, चार स्टँडर्ड. मग वाक्य असं होईल:

‘न्यू ऑर्लीन्स शैलीचा हा बँड आपल्या जुन्या स्नेह्याला पाहुणा म्हणून बोलावून, जॅझच्या वादकांना पाठच असतात अशी आवडती गाणी, म्हणजेच स्टँडर्ड, नव्याने वाजवतो.’

दुसऱ्या एखाद्या माहितीपत्रकात पाहुणा गायक असेल तर ‘वाजवतो’च्या जागी ‘सादर करतो’.