इतक्या कडाक्याच्या थंडीत छोटे पक्षी जगतात कसे?

तुम्ही विचारलंय की उणे 25-30 अंशांत चिमुकले पक्षी रात्र कशी काढतात आणि त्यांचे उघडे पाय गोठत कसे नाहीत. मी अमेरिकेच्या उत्तरेकडच्या मिनेसोटा राज्यात राहते. इथल्या पहिल्या हिवाळ्यात मलाही हाच घोर लागला होता.

आमच्या अंगणात काळ्या टोपीचा चिकडी नावाचा छोटा पक्षी येतो. आपल्या सह्याद्रीतल्या राखी वल्गुलीच्या कुळातला. वजन जेमतेम 11 ग्रॅम, म्हणजे अडीच चमचे साखर! 2019 च्या जानेवारीत इथे पारा उणे 30 च्याही खाली गेला, तेव्हाही सकाळी उजाडताच तो बिया न्यायला हजर होता.

दिवसा त्याच्या अंगाचं तापमान 42 अंशांच्या आसपास असतं. पिसं फुलवली की त्यांच्यात हवा अडकते आणि तीच त्याची गोधडी. म्हणून तो थंडीत गोल गरगरीत दिसतो. खरी कसोटी रात्रीची. दिवसभर खाऊन साठवलेली चरबी सकाळपर्यंत पुरवायची असते, आणि इथली रात्र पंधरा तासांची. मग तो अंगाचं तापमान दहाएक अंशांनी उतरू देतो, चूल मंद करावी तसं. त्याहून खाली जाऊ नये म्हणून छातीचे स्नायू थरथरत ठेवून ऊब निर्माण करतो. झोपायला झाडाची अरुंद ढोली. कधी कधी सकाळी एखाद्याची शेपटी वाकडी झालेली दिसते. रात्रभर ढोलीत अंग चोरून बसल्याची ती खूण. ती पाहिली की माझ्या पोटात कालवतं.

शरद ऋतूत तो हजारो बिया सालीच्या फटींत, एकेका जागी एकेक, दडवून ठेवतो आणि कित्येक दिवसांनी नेमक्या शोधून काढतो. त्या काळात मेंदूतला जागा लक्षात ठेवणारा भागही वाढतो.

पायांचं म्हणाल, तर पावलात मांस जवळपास नसतंच, हाडं आणि कंडराच (स्नायूंना हाडाशी जोडणारे दोर) जास्त. शिवाय पायाकडे जाणारं गरम रक्त शेजारून परतणाऱ्या थंड रक्ताला आपली उष्णता देऊन टाकतं. त्यामुळे पाऊल थंड राहतं पण गोठत नाही आणि अंगातली ऊबही वाया जात नाही. बर्फावर एका पायावर उभी राहणारी बदकं दुसरा पाय पिसांत शेकत असतात.

सगळे वाचतात असं मात्र नाही. शेजारच्या विस्कॉन्सिन राज्यातल्या चिकडींचा 1988 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात माणसांनी ठेवलेलं खाद्य मिळणाऱ्यांपैकी 69 टक्के हिवाळा पार करून गेले, न मिळणाऱ्यांपैकी फक्त 37 टक्के. कोरड्या थंडीपेक्षा मला पडताच गोठणारा पाऊस जास्त भीतीदायक वाटतो, कारण सालीवर काचेसारखा बर्फ चढला की दडवलेलं अन्न समोर असूनही मिळत नाही.

तुमच्याकडे बर्फ पडत असेल तर काळ्या सालीच्या सूर्यफुलाच्या बिया ठेवा आणि दुपारी तीनच्या आत भांडं भरलेलं असू द्या. रात्रीची शिदोरी ते तेव्हाच बांधतात.