वाहन-सल्ला : कूलंटचे जुने पाईप कसे तपासावेत, केव्हा बदलावेत

प्रश्न : माझ्याकडे २०१३ साली घेतलेली दोनशे सीसीची लिक्विड-कूल्ड मोटारसायकल आहे. रोज गोडोलीहून एमआयडीसीत कामाला जाणे-येणे आणि अधूनमधून रविवारी कास किंवा ठोसेघर, एवढाच तिचा वापर. गाडी फारशी चाललेली नाही आणि इंजिनाची काहीच तक्रार नाही. मात्र पावसाळ्यानंतर रेडिएटरच्या वरच्या पाईपला क्लिपपाशी हिरवट-पांढरा थर दिसू लागला. गॅरेजमधील मिस्त्रींनी क्लिप आवळून दिली आणि ‘पाईप दिसायला एकदम नवा आहे, चालू द्या’ असे सांगितले. पाईप खरोखर चांगला आहे का, हे घरी कसे तपासावे? बदलायचा झाल्यास ते काम मला स्वतः करता येईल का?
— एक वाचक, गोडोली, सातारा

उत्तर : क्लिप आवळल्याने पाझर काही दिवस थांबेल; पण दहा वर्षांहून जुन्या पाईपबद्दल ‘दिसायला नवा आहे’ हे मत कृपया ग्राह्य धरू नका. कूलंटचा, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे द्रव नेणारा, पाईप बहुधा आतून खराब होतो, आणि त्याची सुरुवात टोकांपाशी, म्हणजे जो भाग क्लिपखाली झाकलेला असतो नेमकी तिथे होते. त्यामुळे या तपासणीत डोळ्यांपेक्षा बोटे अधिक उपयोगी पडतात, आणि गाडी किती चालली यापेक्षा पाईपचे वय किती हे आधी विचारावे लागते.

याचे कारण थोडे समजून घेतले, तर तपासणी अधिक नेमकी होईल. हे पाईप साधारणपणे ईपीडीएम नावाच्या रबराचे असतात. आत रबराचा गुळगुळीत थर, मध्ये धाग्यांची वीण आणि बाहेर पुन्हा रबर अशी त्यांची रचना असते. कूलंटचा दाब खऱ्या अर्थाने ही धाग्यांची वीण पेलते. आपल्या गाडीसारख्या मोटारसायकलींच्या रेडिएटरची कॅप साधारण १.१ बार दाबाला उघडते, म्हणजे इंजिन तापलेले असताना पाईपवरचा दाब तेवढ्यापर्यंत चढू शकतो. इंजिन, पंप आणि रेडिएटर यांतील निरनिराळे धातू आणि त्यांच्यामधून फिरणारे कूलंट मिळून एक क्षीण विद्युत घट तयार होतो, आणि त्या क्रियेमुळे पाईपच्या आतल्या थराला टोकांजवळ अतिशय बारीक, लांबीच्या दिशेने जाणाऱ्या चिरा पडतात. कूलंटमधील गंजरोधक द्रव्ये संपलेली असतील, तर ही झीज अधिक वेगाने होते. चिरांमधून कूलंट धाग्यांपर्यंत पोहोचते, धागे कुजतात आणि मग एखाद्या चढावर पाईप लांबीने फाटतो. असा काढलेला पाईप ब्लेडने उभा चिरून पाहिला, की बाहेरचा काळा रंग तुकतुकीत असतानाही आत टोकापासून तीन-चार सेंटिमीटरपर्यंत केसासारख्या रेघा दिसतात. तो भाग जरा वाकवला की त्या रेघा उघडतात आणि खाली काळपट, ओलसर धागे दिसतात. बाहेरून या कशाचाही पत्ता लागत नाही.

उष्णतेने होणारी झीज वेगळी असते. तापमान दहा अंशांनी वाढले की रबराच्या वार्धक्याचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. सिलिंडर हेडकडून, म्हणजे इंजिनाच्या माथ्याकडून, तापलेले कूलंट रेडिएटरकडे नेणारा वरचा पाईप म्हणूनच सर्वांत आधी कडक होतो. आपल्या भागात त्याला चांगलीच परीक्षा द्यावी लागते. यवतेश्वरचा घाट शहर सोडताच सुरू होतो, आणि कासच्या फुलांच्या हंगामात त्या रस्त्यावर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगेत सरकावे लागते. इंजिनावर भार पूर्ण आणि रेडिएटरला समोरून वारा जवळजवळ नाही, अशी ती स्थिती असते.

आता तपासणी. ती पूर्ण थंड इंजिनावर, शक्यतो सकाळी गाडी काढण्यापूर्वी करावी. गरम असताना दाबामुळे प्रत्येक पाईप टणक लागतो, शिवाय भाजण्याचा धोका असतो. प्रथम पाईपचा मधला भाग अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत दाबून पाहा, आणि मग तीच चिमटी क्लिपच्या अगदी लगत न्या. दोन्ही ठिकाणी रबर सारखेच लवचीक लागले पाहिजे. टोकाजवळ ते अधिक मऊ लागले, किंवा बोटाखाली आत पोकळ खाच असल्यासारखे जाणवले, तर पाईप आतून चिरलेला आहे असे समजावे. दाबताना बारीक करकर ऐकू आली किंवा रबर लाकडासारखे कडक लागले, तर तो उष्णतेने वाळला आहे. एखादा भाग फुगीर आणि चिकट लागला, तर त्यावर इंजिन ऑईल किंवा ग्रीस लागत असण्याची शक्यता मोठी आहे, कारण ईपीडीएमला पेट्रोलियम तेल अजिबात सोसत नाही; अशा वेळी पाईप बदलण्याआधी तेलाची गळती शोधावी, नाहीतर नव्या पाईपचेही तेच होईल. क्लिपपाशी दिसणारा हिरवट-पांढरा थर म्हणजे पाझरलेले कूलंट वाळून उरलेला अंश. म्हणजे आपल्या गाडीत तिथून गळती होऊन गेलेली आहे, याबद्दल शंका नको.

माझा स्पष्ट सल्ला असा, की आपण पाईप बदलावेत, आणि एक न बदलता सगळा संच बदलावा. वरचा, खालचा, इंजिनाभोवती लपलेला एखादा छोटा बायपास पाईप (रेडिएटर टाळून कूलंट फिरवणारा) असल्यास तो आणि जादा कूलंट साठवणाऱ्या रिझर्व्ह टाकीकडे जाणारी बारीक नळी, हे सारे एकाच वयाचे आहेत. काही जपानी कंपन्या आपल्या पुस्तिकांत रेडिएटरचे पाईप दर चार वर्षांनी बदलण्यास सांगतात. चार वर्षांचा काटेकोर नियम इथे कोणी फारसा पाळत नाही, पण दहा वर्षे उलटल्यावर थांबण्याला काही आधार उरत नाही. आपल्याकडे २००८ नंतर, आणि विशेषतः २०१२ पासून, लिक्विड-कूल्ड मोटारसायकली सर्वसामान्यांच्या हाती आल्या. त्यांतील पहिल्या पिढीच्या कितीतरी गाड्या आज मूळ पाईपांवरच धावत आहेत, म्हणून हे इतक्या विस्ताराने लिहीत आहे.

काम घरी करता येते. पाने, पक्कड, स्क्रू-ड्रायव्हर, एक पसरट घमेले आणि दुपारचा निवांत वेळ एवढे पुरे. इंजिन थंड झाल्यावर आधी रेडिएटरची कॅप काढावी आणि मग वॉटर पंपाजवळचा ड्रेन बोल्ट सोडून कूलंट घमेल्यात घ्यावे. हे द्रव विषारी असते, आणि त्यातील ग्लायकॉल चवीला गोड असल्याने कुत्री-मांजरे ते चाटतात. म्हणून ते अंगणात किंवा गटारात ओतू नये, झाकणाच्या कॅनमध्ये भरून गॅरेजकडे द्यावे. ड्रेन बोल्टखालचे वॉशर नवे घालावे.

सर्वाधिक नुकसान होते ते जुना पाईप काढताना. वर्षानुवर्षे बसलेले रबर नळकांड्याला घट्ट चिकटते, आणि ते पकडीने पिळून ओढले की रेडिएटरचे पातळ ॲल्युमिनियमचे तोंड वाकते किंवा तडकते. मग पाईपच्या कामात रेडिएटरचा खर्च येऊन पडतो. जुना पाईप तसाही टाकूनच द्यायचा आहे, तेव्हा तो ब्लेडने लांबीच्या दिशेने चिरावा आणि सालीसारखा सोलून काढावा. मात्र ब्लेड खालच्या धातूपर्यंत जाऊ देऊ नये, कारण तिथे उमटलेला ओरखडा पुढे गळतीची वाट होतो. उघड्या पडलेल्या तोंडावरचा थर भांडी घासायच्या हिरव्या घासणीने हलक्या हाताने काढावा. कानस किंवा जाड पॉलिश पेपर वापरू नये.

नवे पाईप त्याच मॉडेलचे, मूळ वळणाचे घ्यावेत. मीटरवर मिळणारा सरळ पाईप वाकवून बसवला, तर तो वळणावर चिमटतो आणि प्रवाह अडतो. पंपाच्या ओढीने खालचा पाईप चपटा होण्याचाही धोका असतो. बसवताना टोकाला थोडे कूलंट किंवा पाणी लावावे, ग्रीस किंवा तेल कदापि लावू नये. पाईप तोंडावरील उंचवट्याच्या पलीकडे पूर्ण सरकवावा आणि क्लिप त्या उंचवट्यामागे, पाईपच्या काठापासून दोन-तीन मिलिमीटर आत ठेवावी. स्क्रूची क्लिप रबर किंचित वर येईल इतकीच आवळावी; जोर लावल्यास पट्टी रबरात रुतते. गंजलेल्या किंवा सैल झालेल्या क्लिपा मोहात पडून पुन्हा वापरू नयेत.

पुस्तिकेत सांगितलेल्या प्रकारचे कूलंट भरावे. तयार मिश्रण नसेल, तर ते डिस्टिल्ड वॉटरमध्ये निम्मे-निम्मे करावे. रंगावरून कूलंटची जात ठरत नाही, तेव्हा जुन्याचा हिरवा रंग पाहून दुसरे हिरवे त्यात मिसळू नये. ओतताना घाई न करता पाईप हाताने हळूहळू दाबत राहावे, म्हणजे आतली हवा वर येते. कॅप उघडी ठेवून इंजिन चालू करावे, थर्मोस्टॅट (कूलंट तापल्यावर रेडिएटरची वाट उघडणारी झडप) उघडून वरचा पाईप गरम होईपर्यंत थांबावे, पातळी उतरेल तसे कूलंट भरावे आणि मगच कॅप लावावी. रिझर्व्ह टाकीतील पातळी दोन खुणांच्या मध्ये ठेवावी. एक फेरी मारून गाडी रात्रभर थंड होऊ द्यावी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पातळी व क्लिपा पुन्हा तपासाव्यात. ही शेवटची पायरी बरेच जण गाळतात, पण नवे रबर पहिल्यांदा तापून निवल्यावर थोडे दबते, आणि स्क्रूची क्लिप तेव्हाच सैल पडते.

हे काम होईपर्यंत कृपया घाट टाळावा. पाईप फुटून कूलंट निघून गेले, की तापमान मोजणारा सेन्सर कोरडा पडतो आणि मीटरवर इशारा उमटेलच असे नाही. समोरून वाफ दिसली किंवा गोडसर उग्र वास आला, तर गाडी ताबडतोब बाजूला घेऊन इंजिन बंद करावे. कॅपला मात्र इंजिन पूर्ण निवेपर्यंत हात लावू नये.

प्रश्न : माझ्या मोटारसायकलच्या रेडिएटरमधील कूलंट दर महिन्याला थोडे कमी होते, पण रिझर्व्ह टाकीतील पातळी मात्र तशीच राहते. मोठे पाईप नवीन आहेत आणि कोरडे आहेत. कूलंट जाते कुठे?
— एक वाचक, कराड

उत्तर : रेडिएटरची कॅप आणि टाकीकडे जाणारी बारीक नळी पाहा. इंजिन निवताना रेडिएटरमध्ये ओढ निर्माण होते आणि टाकीतील कूलंट परत आत यायला हवे. ती नळी तोंडाशी चिरलेली असेल, किंवा कॅपचे रबर कडक झाले असेल, तर कूलंटऐवजी हवा आत ओढली जाते आणि टाकी भरलेली असतानाही रेडिएटर रिकामा होत जातो. चिरलेले टोक सेंटिमीटरभर कापून नळी पुन्हा बसवण्याचा उपाय तात्पुरता चालेल. एवढे करूनही घट होत राहिली, तर वॉटर पंपाच्या खाली एक बारीक भोक असते, तिथे कूलंटचा ओघळ दिसतो का ते पाहा. तो दिसला, तर पंपाचे सील गेले आहे. यांपैकी काहीच नसेल आणि धुराड्यातून पांढरा धूर येत असेल, तर हेड गॅस्केट (सिलिंडर आणि त्याच्या हेडमधील सीलबंद पट्टी) तपासून घेणे आवश्यक आहे.

प्रश्न : रबरी पाईपांऐवजी रंगीत सिलिकॉनचे पाईप बसवावेत काय? आमच्याकडे उन्हाळा कडक असतो. शिवाय मी आजवर रेडिएटरमध्ये बोअरचे पाणी भरत आलो आहे.
— एक वाचक, मिरज, जि. सांगली

उत्तर : सिलिकॉन उष्णतेला रबरापेक्षा नक्कीच अधिक टिकते, आणि वरच्या पाईपसाठी ते चांगलेच. पण दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. सिलिकॉन मऊ असते, त्यामुळे खाचा असलेल्या साध्या स्क्रूच्या क्लिपने ते कापले जाते. आतून गुळगुळीत पट्टी असलेल्याच क्लिपा वापराव्यात. दुसरे असे, की सिलिकॉनमधून पाण्याचा अंश फार हळू पण सतत बाहेर जातो, म्हणून पातळी अधिक वेळा पाहावी लागते.

बोअरचे पाणी मात्र आजच थांबवावे. त्यातील क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत थर धरतात आणि नुसत्या पाण्यात गंजरोधक द्रव्यही नसते. उसाच्या ट्रॉल्यांमागे भर दुपारी रांगेत अडकल्यावर गाडी तापते, त्याचे खापर पाईपावर फोडण्यापूर्वी डिस्टिल्ड वॉटरने यंत्रणा दोन-तीनदा धुऊन योग्य कूलंट भरून पाहा. त्यानंतरही तापत असेल, तर रेडिएटर उघडून आतून साफ करून घ्यावा, आणि सिलिकॉनच्या पाईपांचा खर्च त्यानंतर करावा.