हेड कसताना घाई नको

पेरणी तोंडावर आली की ट्रॅक्टरचा मालक गॅरेजच्या दारातच ठाण मांडतो. त्याच्या तोंडाकडे पाहून हेड, म्हणजे इंजिनच्या ब्लॉकवर बोल्टांनी बसणारं झाकण, घाईत कसू नको बाप्पा.

आधी आटे साफ कर. बोल्टांना तारेचा ब्रश, ब्लॉकमधल्या भोकांना हवा. बंद भोकात ऑइल साचून राहिलं तर बोल्ट खाली जाताना ते दाबलं जातं आणि बिडाचा ब्लॉक तडकू शकतो. आट्यांना ऑइलचा हात लावायचा की नाही, हे मॅन्युअलमध्ये पाह्य. मनाने ठरवू नको. तू लावलेल्या जोराचा बहुतेक भाग घर्षणातच जातो, बोल्ट ताणायला साधारण दहावा हिस्सा उरतो. म्हणून कोरड्या बोल्टाचा टॉर्कचा, म्हणजे पिळायच्या जोराचा, आकडा ऑइल लावलेल्याला वापरलास, तर तो जास्त ताणला जातो, कधी तुटतोही.

कसायचं मधून बाहेर, आलटून-पालटून, दोन-तीन टप्प्यांत. शेवटी टॉर्क पाना, म्हणजे लावलेल्या आकड्यावर टक् वाजणारा पाना, सावकाश, एका दमात ओढ. टक् झालं की थांब. वरून आणखी दोनदा टक्-टक् करणारे उस्ताद आपल्याकडे लय आहेत. तो पाना आहे, डमरू नव्हे.

आकडा कशात दिलाय तेही पाह्य: 10 किलोग्रॅम-मीटर म्हणजे जवळपास 98 न्यूटन-मीटर. काही इंजिनांत टॉर्कनंतर बोल्ट ठराविक अंश फिरवायचा असतो. ते बोल्ट बहुधा नवेच घालावे लागतात. मालक कुरकुरेल, कुरकुरू दे.

जाम बोल्ट या पान्याने सोडवू नको, दांड्याला पाईप तर मुळीच नाही. काम झालं की पाना सगळ्यात खालच्या आकड्यावर आणून डब्यात ठेव.