गुडघ्याच्या ऑपरेशननंतर सीआरपी वाढली म्हणजे इन्फेक्शन झालंच का?

तुम्ही लिहिलंय की आईंचा गुडघा बदलून तिसरा दिवस आहे, सीआरपी, म्हणजे शरीरात दाह असला की रक्तात वाढणारं प्रोटीन, १४० आलीये, गुडघा सुजलाय, गरम लागतोय आणि तरी डॉक्टर अँटिबायोटिक वाढवत नाहीयेत. मी पुण्यात ऑर्थो वॉर्डला नर्स आहे. हल्ली लॅबचा रिपोर्ट थेट घरच्यांच्या व्हॉट्सॲपवर येतो आणि आकडा बघून धायरीहून, हडपसरहून रात्रीच फोन सुरू होतात, त्यामुळे तुमची घालमेल कळते मला.

पण हाड कापलंय हो. जंतू शिरले काय किंवा सर्जनची करवत चालली काय, शरीराची पहिली धावपळ सारखीच असते. तिथल्या रक्तवाहिन्या रुंदावतात म्हणून लाली आणि गरमपणा, त्यांच्यातून पाणी झिरपतं म्हणून सूज, प्रोस्टाग्लँडिन नावाच्या रसायनामुळे ठणका, आणि पांढऱ्या पेशी तिथे येऊन मेलेलं सगळं साफ करतात. हे झालं नाही तर जखम भरणारच नाही. लिव्हरला याचा निरोप गेला की ते सीआरपी बनवतं, गुडघा बदलल्यानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ती सगळ्यात वर असते, शंभरच्या पुढे जाणं नेहमीचंच, मग उतरते आणि पूर्ण नॉर्मल व्हायला काही आठवडे जातात. म्हणजे एका आकड्यावर काहीच ठरत नाही, उतरायला लागलेली परत चढली की मात्र आम्ही सावध होतो.

ड्रेसिंगच्या वेळी मी दोन्ही गुडघ्यांना हाताची मागची बाजू लावून बघते, लाली असेल तर कडेने पेनने रेघ मारते आणि दुसऱ्या दिवशी ती रेघेबाहेर गेलीये का ते बघते. सावळ्या कातडीवर लाली पटकन दिसत नाही म्हणून हात लावणं महत्त्वाचंच. टाक्यांतून पू किंवा पाणी येणं, थंडी वाजून ताप, ठणका रोज वाढत जाणं, पोटरी सुजून दुखणं, यातलं काहीही झालं तर लगेच सांगा. वय जास्त, त्यात शुगर किंवा स्टेरॉइड चालू असेल तर ताप येईलच असंही नाही. पेशंट बरळायला लागला, धाप लागली, लघवी कमी झाली तर एक मिनिट थांबू नका, सेप्सिसमध्ये, म्हणजे इन्फेक्शन अंगभर भिनल्यावर, सगळीकडच्या रक्तवाहिन्या सैल पडतात आणि बीपी कोसळतं.

आणि कृपा करून आंबेहळदीचा लेप टाक्यांजवळसुद्धा नको. सूज उतरावी म्हणून मेडिकलमधून डायक्लोफेनॅक ही दुखण्याची गोळी आणून मनानेच देऊ नका, वयस्कर माणसाच्या किडनीला ते फार महागात पडतं. त्यापेक्षा उद्या राउंडला डॉक्टरांना विचारा की पुढची सीआरपी कधी करणार.