रडू आणणारं मराठी पुस्तक कोणतं? मी आधी 'बनगरवाडी' सांगेन

वाचताना खरंच रडू येईल असं मराठी पुस्तक कोणतं, असं तुम्ही विचारलंय. बहुतेक जण 'श्यामची आई' म्हणतील आणि ते बरोबरच आहे. पण माझं सासर आटपाडी तालुक्यातलं, त्यामुळे मी पहिलं नाव 'बनगरवाडी'चं घेते.

व्यंकटेश माडगूळकरांची ही कादंबरी १९५५ सालची. ते मूळचे आमच्याच तालुक्यातल्या माडगूळचे. औंध संस्थानातल्या एका धनगरवाडीवर एक पोरसवदा मास्तर येतो. शाळा बंद, पोरं मेंढरांमागं. हळूहळू शाळा भरायला लागते, सगळं गाव राबून तालीम उभी करतं, आणि मग पाऊस दडी मारतो. मेंढरं मरायला लागतात. एकेक घर बिऱ्हाड उचलून चालू लागतं. कुणी ऊर बडवून घेत नाही, लेखकही गळा काढत नाही. काय घडलं ते साध्या शब्दांत सांगत जातो. शाळा जागेवर आहे, तालीम जागेवर आहे आणि गावात माणूस नाही, इथं आलं की मला पुढची ओळ दिसत नाही.

ही शेवटची पानं मी एकदा सासूबाईंना वाचून दाखवली. त्यांना अक्षरओळख नाही. १९७२च्या दुष्काळात त्यांनी दुष्काळी कामावर खडी फोडली, मिलोच्या, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीच्या लाल भाकरी खाल्ल्या, मदत म्हणून वाटलेल्या सुकडीच्या पिठावर दिवस काढले. हे सगळं त्या नेहमी सांगायच्या. त्या दिवशी सुपात ज्वारी निवडत ऐकत होत्या. मेंढरं मरायला लागली तसा हात थांबला. म्हणाल्या, "आमी बैलं सोडून दिली हुती. दाव्याला मरू नयेत म्हणून." मग थोड्या वेळानं, "वाच म्होरं." दुष्काळाच्या इतक्या गोष्टी त्यांच्याकडून ऐकल्या, पण बैलांचं त्यांच्या तोंडून कधी निघालं नव्हतं. चांगलं पुस्तक माणसाच्या आत कुठवर जातं ते मला तेव्हा दिसलं.

माझं माहेर वाळवा तालुक्यातलं. अण्णाभाऊ साठ्यांचं वाटेगाव तिथलंच. दुष्काळानं जगणं अवघड झालं तेव्हा वडिलांबरोबर पायी मुंबई गाठलेला हा माणूस, शाळेचं तोंड जेमतेम पाहिलेला, आणि त्यानं १९५९ साली 'फकिरा' ही कादंबरी दिली. इथंही दुष्काळच आहे, पण रडू वेगळं येतं. उपाशी माणसं जगावीत म्हणून फकिरा धान्य लुटतो, सरकारी खजिना लुटतो. शेवटी इंग्रज सरकार त्याच्या माणसांना डांबून ठेवतं आणि त्यांच्यासाठी तो आपण होऊन स्वाधीन होतो. कीव येत नाही हो, अभिमानानं घसा दाटतो. मला वाटतं, अशा रडण्याची जास्त गरज आहे.

'श्यामची आई'बद्दल थोडंच सांगते, कारण ते तुम्ही बहुधा वाचलेलं असेल. साने गुरुजींनी हे १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. लोकांना आईच्या मरणाचा भाग आठवतो. मला जास्त लागतो तो अंघोळीनंतरचा प्रसंग. ओल्या तळव्यांना माती लागू नये म्हणून श्याम हट्ट धरतो आणि आई दगडावर लुगडं पसरते. मग त्याला सांगते की पायांना जसा जपतोस तसा मनालाही जप. शाळेत हा धडा उपदेशाचा वाटतो. आता वाचताना दिसते ती कामानं पिचलेली बाई, जिनं पोराचा हट्ट रागावून मोडला नाही.

सुरुवात 'बनगरवाडी'पासून करा. छोटी आहे, सुट्टीच्या एका दुपारी होईल. विकत घ्यायची नसेल तर गावातल्या वाचनालयात बघा. महाबळेश्वरला जाणार असाल तर वाटेत भिलारला थांबा. २०१७पासून ते 'पुस्तकांचं गाव' आहे, तिथं घराघरांत पुस्तकं मांडलेली असतात आणि निवांत बसून वाचता येतं. 'फकिरा' मात्र घरात कुणाला तरी समोर बसवून मोठ्यानं वाचा, आमच्याकडची बोली आहे ती, कानावर पडली की जास्त भिडते.