गपचूप गाळू नकोस

काल रात्री तू पाठवलेला कोड वाचला. तेच जेसन (नाव आणि मूल्य अशा जोड्यांत लिहिलेला डेटा; त्यातलं नाव म्हणजे 'की') कंट्रोलरमधून, म्हणजे वेबवरची विनंती घेणाऱ्या कोडमधून, बिनबोभाट आत येतं आणि टेस्टमध्ये मात्र 'अनरेकग्नाइज्ड प्रॉपर्टी' म्हणत कोसळतं. कारण सापडेना, म्हणून तू वैतागून क्लासवर 'इग्नोअर अननोन' हे अ‍ॅनोटेशन, म्हणजे अनोळखी की सोडून देण्याची खूण, लावलंस आणि पुढे गेलास. त्या एका ओळीसाठी हे पत्र.

कोडं लहान आहे. जॅक्सन 2 या जावाच्या जेसन लायब्ररीत ऑब्जेक्टमॅपर, म्हणजे जेसनचं ऑब्जेक्ट करणारा भाग, आपण स्वतः बनवला तर अनोळखी की दिसताच तो एक्सेप्शन (एरर) टाकतो. तुझं अ‍ॅप्लिकेशन ज्यावर उभं आहे ते स्प्रिंग बूट जो मॅपर हाती देतं, त्यात ही तपासणी बंद असते. टेस्टमध्ये तू स्वतःचा बनवलास, बस. दोन्हीकडे एकच मॅपर वापर.

पण ती ओळ मला झोपू देत नाही, कारण तशीच एक मी लिहिली होती. आमचं अ‍ॅप्लिकेशन ग्राहकाचा रेकॉर्ड वाचायचं, पत्ता बदलायचं, परत पाठवायचं. पलीकडच्या टीमने त्यात एक की वाढवली: ग्राहकाची संमती. आमच्या क्लासमध्ये ते फील्ड नव्हतं. एरर नाही, लॉग नाही. आम्ही हात लावलेल्या प्रत्येक रेकॉर्डमधून संमती पुसली गेली आणि बराच काळ कुणालाच कळलं नाही. मोडलं असतं तर त्याच दिवशी कळलं असतं!

म्हणून सांगते, अनोळखी की नाकार किंवा सांभाळ, पण गपचूप गाळू नकोस.

तुझ्या जेसनमध्ये उत्पादनांचे क्रमांकच की म्हणून आलेत. ती फील्डची नावं नव्हेत, तो डेटा आहे. त्यासाठी क्लासमध्ये फील्ड लिहीत बसलास, हे बघून खरंच चिडले. तिथे स्ट्रिंग ते प्रॉडक्ट असा मॅप, म्हणजे कीवरून मूल्य देणारा संग्रह, हवा, आणि तोही टाइपरेफरन्स देऊन, म्हणजे आत कोणता प्रकार आहे ते जॅक्सनला सांगून. जावा रनटाइमला, म्हणजे प्रोग्राम चालताना, जेनेरिकचा (मॅपच्या आत काय आहे त्याचा) प्रकार विसरतं. नुसता मॅप मागितलास तर आत प्रॉडक्टऐवजी लिंक्डहॅशमॅप (साधे मॅप) बसतील आणि प्रकार जुळत नसल्याचं क्लासकास्ट एक्सेप्शन भलत्याच ठिकाणी येईल.

काही फील्ड माहीत आणि बाकी काय येईल ते ठाऊक नाही, अशा क्लासला अनोळखी की आत घेणारं जेसनएनीसेटर लाव, आणि सोबत त्या परत लिहिणारं जेसनएनीगेटरही. नुसता सेटर लावलास तर आत घेतलेलं बाहेर पडताना हरवेल, म्हणजे पुन्हा गाळणंच. जेसनचा आकारच माहीत नसेल तर जेसननोड घे; तो क्लासशिवाय सगळं जेसन झाडासारखं धरून ठेवतो. त्यातली की वाचायला 'गेट'ऐवजी 'पाथ' ही मेथड वापर, म्हणजे की नसली तरी नल हाती येत नाही. जीसन या दुसऱ्या जेसन लायब्ररीने स्ट्रिंग ते ऑब्जेक्ट असा मॅप भरलास तर पूर्णांकसुद्धा 'डबल' या अपूर्णांकांच्या प्रकारात जातात, आणि 9007199254740992 च्या पुढचे आयडी मुकाट्याने बदलू शकतात. हेही गाळणंच, फक्त अंकांचं.

रिव्ह्यूमध्ये मला हट्टी म्हणतात. परकं सामान कशाला वाहायचं, असं विचारतात. ब्राउझरकडून आलेलं परकं सामान मीही वाहत नाही, 400, म्हणजे 'विनंती चुकीची' हा एरर कोड, देऊन परत करते. पण दुसऱ्याचा रेकॉर्ड आपल्या हातून जात असेल, तर त्यातलं आपल्याला न कळणारंही त्याचंच असतं. यावर मी मागे हटलेले नाही आणि हटणार नाही.

उद्या ते अ‍ॅनोटेशन काढ. एक टेस्ट लिही: कुठलीही अनोळखी की घालून रेकॉर्ड वाच, परत लिही, ती मूल्यासकट बाहेर येते का बघ. आधी ती फेल होऊ दे, मग दुरुस्त कर. दोन्ही वेळचा निकाल मला पाठव.